वाफसा न येणारी राख : दक्षिण चिलीतल्या न्यादी जमिनीचं प्रकरण

पुएर्तो मोंत हे दक्षिण चिलीतलं बंदर. त्याच्या विमानतळाचं नाव एल तेपुआल. तेपू हे तिथलं चिवट झाड. त्याची खोडं जमिनीलगत आडवीतिडवी पसरतात आणि मुळं बारमाही ओलीत असतात. तेपुआल म्हणजे तेपूची जाळी. हे नाव ठेवणाऱ्यानं मातीचा अहवालच लिहून ठेवला म्हणायचा : इथे पाणी मुरत नाही.

विमानतळापासून जवळच २०० हेक्टरांचं एक जुनं रान राखून ठेवलं आहे. लाउएन न्यादी असं त्याचं नाव. २००० साली त्याला नैसर्गिक स्मारकाचा दर्जा मिळाला. आत आलेर्से या उंच, दीर्घायुषी वृक्षाची झाडं आहेत, आणि बाहेर कुंपणापलीकडे तीच ज्वालामुखीची राख, तेच हवामान, तीच सपाटी. फरक इतकाच की बाहेर झाडं नाहीत. तिथे लव्हाळ्यासारखं गवत माजलेली कुरणं, खुरटी झुडपं, पाय टाकला की फसकन पाणी सोडणारं शेवाळ आणि मधूनमधून काळे पडलेले बुंधे दिसतात. त्या सपाटीवरचं रान जाळून-तोडून दीडशे वर्षं उलटली, तरी तिथे धड शेत झालं नाही आणि धड रानही परतलं नाही. असं का झालं, हा या प्रकरणाचा प्रश्न.

आधी जागा डोळ्यांपुढे आणू. उत्तरेला यांकिवे सरोवर, दक्षिणेला रेलोंकावीची खाडी, पूर्वेला अँडीज आणि त्याच्या पुढ्यात ओसोर्नो आणि काल्बुको हे दोन ज्वालामुखी. वर्षाचा पाऊस सुमारे १,७०० मिलिमीटर. कोकणच्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल, कारण रत्नागिरीत याच्या जवळजवळ दुप्पट पडतो. पण रत्नागिरीचा पाऊस चार महिन्यांत उरकतो आणि मग आठ महिने ऊन तापतं. इथे पाऊस बारा महिन्यांवर पसरलेला आहे, सरासरी तापमान दहा-अकरा अंश आणि आकाश बहुतेक वेळा झाकलेलं. म्हणजे पडलेलं पाणी वाळवणारं कोणी नाही.

एकच राख, दोन जमिनी

तिथले शेतकरी राखेच्या मातीला दोन नावं देतात. सरोवराकाठच्या उंचवट्यांवर, हिमनदीनं ढकलून रचलेल्या टेकाडांवर जी खोल, भुसभुशीत, तपकिरी माती आहे ती त्रुमाओ. तिच्यात बटाटा येतो आणि गाईंसाठी उत्तम गवत येतं. त्या टेकाडांच्या पुढे, वितळत्या हिमनदीच्या पाण्यानं गोटे आणि वाळू पसरून जी सपाटी तयार केली, तिच्यावर साचलेली राख म्हणजे न्यादी. शब्द तिथल्या मूळ रहिवासी मापुचे लोकांच्या मापुदुंगुन भाषेतला. हिवाळ्यात पाण्याखाली जाणारी आणि उन्हाळ्यात वाळणारी सपाटी, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. काही लाख हेक्टर जमीन या नावाखाली मोडते.

दोन्ही जमिनींवर पडलेली राख त्याच ज्वालामुखींची. शेवटच्या हिमयुगातल्या हिमनद्या इथून साधारण सतरा-अठरा हजार वर्षांपूर्वी मागे हटल्या, त्यानंतरच्या स्फोटांतली ती राख आहे आणि ती अजूनही पडते आहे. १९ जानेवारी १८३५ च्या रात्री चार्ल्स डार्विननं चिलोए बेटावरून ओसोर्नो पेटलेला पाहिला. २२ एप्रिल २०१५ ला काल्बुको फुटला, तेव्हा पायथ्याच्या वस्तीतली छपरं राखेच्या ओझ्यानं खाली आली.

आपण दख्खनवाले ज्वालामुखीच्याच दगडावर राहतो, म्हणून इथे गल्लत होऊ शकते. आपली काळी माती थंड झालेल्या लाव्हाच्या कातळातून, लाखो वर्षांच्या झिजेतून आली. राख ही मुळात काचेची पूड असते. काच पाण्यात चटकन विरघळते आणि तिच्यातलं सिलिका आणि ॲल्युमिनियम पुन्हा एकत्र येऊन ॲलोफेन नावाचं एक विचित्र खनिज बनतं. त्याचे कण म्हणजे पोकळ गोळ्या, चार-पाच नॅनोमीटर व्यासाच्या. आपली काळी माती उन्हात भेगाळते, ओली झाली की चिकटून बसते. ॲलोफेनची माती हातात घेतली तर लोण्यासारखी वाटते. चिमटीत दाबली की एकाएकी पाणी सुटून निसरडी होते आणि सोडली की पुन्हा घट्ट. वजनाला तर थर्माकोलची आठवण व्हावी इतकी हलकी. मृदाशास्त्रात या गटाला नाव देताना अशा मातीच्या एक घन सेंटिमीटरचं वजन ०.९ ग्रॅमपेक्षा जास्त नसावं अशी अट घातली आहे. न्यादीत ते बऱ्याचदा त्याहूनही खूप कमी भरतं.

शेतात ती ओळखायची एक गमतीची चाचणी आहे. फिनॉल्फ्थॅलिन लावलेल्या कागदावर चिमूटभर माती ठेवून वर सोडियम फ्लोराइडच्या द्रावणाचे थेंब टाकायचे. ॲलोफेन असेल तर कागद लालगुलाबी होतो. याच गुणाची शेतकऱ्याला बसणारी झळ म्हणजे स्फुरद. ही माती खतातलं स्फुरद असं धरून ठेवते की पिकाच्या वाट्याला फार थोडं येतं. पण आपल्या प्रकरणात स्फुरद दुय्यम आहे. मुख्य प्रश्न पाण्याचा.

खाली गोटे, तरी पाणी वर

न्यादीत खड्डा खणला तर आधी काळा, तंतुमय, कुजट थर लागतो. त्याखाली राख. कधी फूटभर, कधी तीन फूट. मग पहार टणकन वाजते. हा फिएर्रियो. स्पॅनिशमध्ये लोखंडाला जुन्या बोलीत ‘फिएर्रो’ म्हणतात, त्याचं हे लडिवाळ रूप, म्हणजे ‘लोखंडुला’. गंजाच्या रंगाची ही पापुद्र्यासारखी चकती कुठे काही मिलिमीटर, कुठे काही सेंटिमीटर जाडीची असते. आणि तिच्याखाली चक्क गोटे आणि वाळू, जिच्यातून पाणी धो-धो वाहून जावं अशी.

हे पाहून पहिल्यांदा कुणीही म्हणेल, दोष चकतीचा आहे, ती फोडा. पण चकती मुळात तिथे आली कशी? याचं उत्तर घरच्या कुंडीत आहे. कुंडीच्या तळाला खडे किंवा खापऱ्या घातल्या की निचरा चांगला होतो, असं आपण सगळे मानतो. प्रत्यक्षात बारीक मातीखाली भरड खडे आले की पाणी त्या सीमेवर थबकतं. बारीक रंध्रं पाणी घट्ट धरून ठेवतात आणि मोठ्या पोकळ्यांकडे ते ओढायला काहीच नसतं. वरची माती जवळजवळ पूर्ण भिजल्याशिवाय थेंब खाली उतरत नाही. न्यादीची राख म्हणजे अशीच प्रचंड कुंडी.

राख आणि गोट्यांच्या त्या सीमेवर पाणी लोंबकळत राहिलं. वरची माती कोंदली, ऑक्सिजन संपला आणि जिवाणूंनी श्वासासाठी लोहाचा आधार घेतला. त्यात लोह विरघळलं आणि पाण्याबरोबर खाली सरकलं. गोट्यांच्या पोकळ्यांत हवा होती, तिथे पोचताच ते गंजून बसलं. सोबत सेंद्रिय द्रव्य, ॲल्युमिनियम आणि सिलिका. हजारो वर्षांत पापुद्रा तयार झाला आणि मग त्यानं उरलीसुरली वाटही बंद केली. म्हणजे फिएर्रियो हे आधी तुंबलेल्या पाण्याचं अपत्य आणि नंतर तुंबण्याचं कारण. कोकणातल्या सड्यावरचा जांभाही लोहाचाच, पण तो मीटरच्या मीटर जाड आणि त्याचा इतिहास वेगळा. सारखेपणा आहे तो परिणामात. पावसात तळं, उन्हाळ्यात तवा, आणि मुळांना खाली वाट नाही.

आता थोडा हिशेब. राखेचा थर ५० सेंटिमीटर धरू. ही माती सुमारे ऐंशी टक्के पोकळ असते, म्हणजे तिच्यात ४०० मिलिमीटर पाण्याची जागा. ऐकायला फार मोठी टाकी वाटते. पण त्यातली बहुतेक जागा त्या सूक्ष्म पोकळ गोळ्यांत आणि केसाहून बारीक रंध्रांत, कायमच पाण्यानं भरलेली. येणारा पाऊस सामावून घेणाऱ्या मोकळ्या रंध्रांचा वाटा पंधरा टक्के धरला, तर टाकी ७५ मिलिमीटरची. वर्षाच्या सरासरीनं रोज साडेचार-पावणेपाच मिलिमीटर पाऊस. काहीच बाहेर गेलं नाही तर सोळा दिवसांत टाकी काठोकाठ. हिवाळ्यात पाऊस वाढतो आणि ऊन नावालाच असतं, तेव्हा आठवडा-दीड आठवडा पुरतो. पंधरा टक्के हा आकडा मी हिशेबापुरता धरला आहे, शेताशेतात तो बदलेल. पण टाकी लहान आहे आणि नळ चालू आहे, हे चित्र बदलत नाही.

आपल्याकडे यासाठी एक अचूक शब्द आहे, वाफसा. मातीत पाणी आणि हवा दोन्ही योग्य प्रमाणात असण्याची ती वेळ, जेव्हा कुळव घालता येतो आणि मुळाला श्वास घेता येतो. त्रुमाओला वाफसा येतो. न्यादीला तो वसंतात उशिरा, थोडे दिवस येतो, आणि लगेच पुढे जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे तिथल्या भर उन्हाळ्यात, तीच जमीन तहानलेली असते. कारण टाकी जशी लवकर भरते तशीच लवकर उपसली जाते, आणि फिएर्रियोखालचं पाणी मुळांच्या आवाक्यात नसतं.

पंप कोण होता

मग इथे मुळात इतकं उंच रान उभं कसं होतं? पन्नास मीटरच्या आसपास जाणारा आलेर्से, त्याच्या जोडीला कोइग्वे आणि कानेलो, खाली तेपू. उत्तर असं की रान निचरा झालेल्या जमिनीवर उभं नव्हतं. निचऱ्याचं काम रानच करत होतं.

सदाहरित झाडाचा माथा बाराही महिने पानांनी झाकलेला. रिमझिम पावसातलं बरंचसं पाणी जमिनीवर येतच नाही. पानांवर, खोडावरच्या शेवाळावर आणि दगडफुलांवर अडकतं आणि वाऱ्यानं परत उडतं. जे खाली येतं त्यातलं काही मुळं ओढून पानांवाटे सोडतात. कुरणाच्या तुलनेत रानानं रोज फक्त दीड मिलिमीटर जास्त पाणी हवेत परतवलं असं समजा. वर्षाचे साडेपाचशे मिलिमीटर झाले. आपली ७५ मिलिमीटरची टाकी सातदा रिकामी करण्याइतकं हे पाणी.

आणि हे रान सपाटही नव्हतं. वाऱ्यानं झाड उन्मळलं की मुळांसकट मातीचा ढीग वर येतो, शेजारी खळगा पडतो. पडलेलं खोड शतकानुशतकं कुजत नाही, कारण आलेर्सेचं लाकूड भलतंच टिकाऊ. त्या खोडांच्या पाठीवर, पाण्याच्या पातळीच्या हातभर वर, नवी रोपं रुजतात. रानाचा तळ म्हणजे ओट्या-खळग्यांची वसाहत. नवी पिढी ओट्यांवर राहते आणि पाणी खळग्यांत.

आग, फळ्या आणि एक शहर

आलेर्सेच्या फळ्यांचा व्यापार वसाहतकाळापासून चालत आलेला. चिलोएमध्ये तर एके काळी या फळ्या चलनासारख्या वापरल्या जात. लाकूड सरळ चिरतं, हलकं असतं आणि पावसात सडत नाही. छपरं आणि भिंती मढवायच्या तेहुएला, म्हणजे लाकडी कौलं, त्याचीच. बीगल जहाजाच्या कप्तानाच्या, फिट्झरॉयच्या नावावरून वनस्पतिशास्त्रज्ञ हूकरनं या प्रजातीला फिट्झरॉया नाव दिलं. पण लाकूडतोड्याच्या कुऱ्हाडीपेक्षा मोठा फरक आगीनं पाडला.

१८४५ च्या कायद्यानं चिली सरकारनं परदेशी वसाहतकरी आणायचं ठरवलं. १८५० पासून जर्मन कुटुंबं येऊ लागली. त्यांना जमीन देण्याचं काम व्हिसेंते पेरेस रोसालेस या अधिकाऱ्याकडे होतं. जमीन म्हणजे अंधारलेलं ओलं जंगल, ज्यात घोडा शिरत नव्हता. त्यानं पिची हुआन नावाच्या स्थानिक वाटाड्याला रान पेटवायला सांगितलं. आग तीन महिने जळत होती, असं पेरेस रोसालेसनंच पुढे लिहून ठेवलं. १२ फेब्रुवारी १८५३ ला मेलिपुल्यी या जागी पुएर्तो मोंतची स्थापना झाली आणि राष्ट्राध्यक्ष मानुएल मोंत यांचं नाव तिला मिळालं. दलदलीत, बुंध्यांच्या मधोमध वसलेलं शहर.

सरोवराकाठी त्रुमाओ मिळालेल्या कुटुंबांचं बस्तान बसलं. तिथला दूधधंदा, बटाटे, जर्मन धाटणीची लाकडी घरं, सगळं आजही पाहायला मिळतं. पण दहा मीटर खालच्या सपाटीवर तोच प्रयोग फसला. मला इथे दोष द्यावासा वाटत नाही. उभं रान पाहून जमीन सुपीक असणार असं कुणीही मानलं असतं. सगळीकडचे शेतकरी झाडोऱ्यावरूनच जमिनीची प्रत ठरवतात, आणि बहुतेक वेळा ते बरोबर असतं. इथे झाड हे जमिनीचं लक्षण नव्हतं, जमिनीवरचा इलाज होता.

रान परत का आलं नाही

आग गेली, पंप गेला. पाणी वर आलं. उघड्या ओल्या जमिनीवर पोम्पोन आलं. पोम्पोन म्हणजे स्फॅग्नम शेवाळ. स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरणारं, भोवतालचं पाणी आंबट करणारं, आणि वर वर वाढत गादी बनवणारं. तिथे दोन शब्द काटेकोरपणे वेगळे वापरतात. हिमनदीनं सोडलेल्या खळग्यांत हजारो वर्षांत साठलेल्या पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराच्या, दलदलीला तुर्बेरा म्हणतात. रान तोडल्या-जाळल्यानंतर माणसाच्या करणीनं तयार झालेल्या शेवाळी माळाला पोम्पोनाल. दुरून दोन्ही सारखेच दिसतात. धोरण ठरवताना त्यांची गल्लत होऊ देता कामा नये.

पोम्पोनालमध्ये बी पडतं, रुजतंही. पण रोपाची मुळं पहिल्याच हिवाळ्यात कोंदतात, आणि जगलं तर शेवाळाची गादी त्याच्यापेक्षा वेगानं वर येते. मारिया दियास, सेथ बिगेलो आणि हुआन आर्मेस्तो यांनी चिलोएमधल्या अभ्यासावर २००७ मध्ये जे मांडलं त्याचा गाभा हाच : जंगल काढल्यानं पाण्याचं चक्र बदलतं, जमिनीतलं पाणी वर येतं आणि रानाचं पुनरागमन अडून राहतं. म्हणजे आपण ज्याला पडीक म्हणतो ती जंगलाच्या वाटेवरची पायरी नाही. तो एक नवा मुक्काम आहे आणि तिथून आपोआप हलायचं कारण नाही.

एक गोष्ट मला या सगळ्यात फारशी बोलली गेल्याचं दिसत नाही. १९७६ साली आलेर्सेला नैसर्गिक स्मारक घोषित करून जिवंत झाड तोडायला बंदी आली. ती गरजेचीच होती. १९९३ मध्ये आंतोनियो लारा आणि रिकार्दो व्हियाल्बा यांनी एका आलेर्सेच्या बुंध्यावर ३,६२२ वर्तुळं मोजल्याचं प्रसिद्ध केलं. पण मेलेलं लाकूड परवानगी घेऊन वापरायला मुभा राहिली. जळालेले उभे सांगाडे, चिखलात पुरलेली खोडं खणून काढून त्यांची कौलं झाली. कायद्याच्या नजरेत ते मृत लाकूड. न्यादीच्या नजरेत ती खोडं म्हणजे पाण्यावरचे उरलेले ओटे, रोपाला पाय टेकायची एकमेव जागा. हा माझा तर्क आहे. पण ज्या जमिनीत हातभर उंचीवर जगणं-मरणं ठरतं, तिथे पडलेलं खोड उचलणं हे झाड तोडण्याइतकंच भारी पडू शकतं.

सगळं संपलं नव्हतं, हेही नोंदवायला हवं. मध्य खोऱ्यातला, म्हणजे अँडीज आणि किनाऱ्याचे डोंगर यांच्या मधल्या सपाटीवरचा, आलेर्से नाहीसा झाला असं बराच काळ मानलं जात होतं. नंतर विखुरलेले छोटे तुकडे सापडले, त्यात तरुण झाडंही होती. २००२ मध्ये त्यांच्या वाढीवर शोधनिबंधही आला.

चर खणावा का?

समजा विमानतळाच्या बाजूला कुणाकडे वीस हेक्टर न्यादी आहे. तो सल्ला मागतो. चार वाटा आहेत.

पहिली, फिएर्रियो फोडायचा. यंत्र लावून खोल नांगरट केली की चकती तुटते आणि वर तुंबलेलं पाणी गोट्यांत उतरतं. पहिल्या वर्षी मालक खूष. पण उन्हाळ्यात काय? टाकीच्या तळाला भोक पाडलं की टाकी रिकामीच राहणार. आणि राखेच्या या मातीची एक खोड आहे. एकदा ती कडकडीत वाळली की पुन्हा पूर्वीसारखी भिजत नाही. ॲलोफेनच्या गोळ्या आवळून एकमेकींना चिकटतात, लोण्यासारखी माती वाळूसारखी रवाळ होते आणि पाणी धरायची ताकद कायमची घटते. वर सेंद्रिय थर हवेत आल्यानं जळत जातो आणि जमीन खचते. आपल्या सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात चिबड जमिनीला भूमिगत निचऱ्याचे पाइप घालतात आणि जमीन सुधारते. तिथे माती खोल आहे, पाणी माणसानं दिलेलं आहे आणि क्षार धुऊन काढायचे आहेत. तोच नुस्का इथे उचलला तर जमीन हातची जाईल. निचरा हा एकच शब्द असला तरी दोन्हीकडचा रोग वेगळा.

दुसरी वाट, उथळ चर. फिएर्रियोला धक्का न लावता, राखेतच फूट-दीड फूट खोलीचे चर काढून फक्त माथ्यावरचं पाणी वाहून द्यायचं. कुरण ठेवायचं असेल तर हे बरं. वाफसा पंधरा दिवस आधी येतो, गाईंच्या खुरांनी चिखल होत नाही. पण सपाटीला उतार जवळजवळ नाही, त्यामुळे पाणी शेवटी शेजाऱ्याच्या शेतात जातं. चर हा एकट्याचा निर्णय नसतो. गावकीचा असतो.

तिसरी, युकॅलिप्टस. वाफ्यासारखे उंच वरंबे करून त्यावर लावतात. वेगानं वाढतं, पाणी ओढतं. पंप परत आला असं म्हणता येईल. पण दर काही वर्षांनी सगळा पंप एकदम कापून नेला जातो आणि पाणी पुन्हा वर. शिवाय ओट्या-खळग्यांचा तळ पुन्हा बनत नाही.

चौथी वाट, काहीच न करता शेवाळ विकायचं.

पुण्याच्या बाल्कनीतलं शेवाळ

ऑर्किड पाळणाऱ्या पुण्या-मुंबईच्या हौशी लोकांना वाळलेल्या स्फॅग्नमची पिशवी ठाऊक असते. जगाच्या बाजारात या शेवाळाचा एक मोठा पुरवठादार चिली आहे. पोम्पोन हातानं किंवा काट्यांनी उपसायचं, मचाणांवर वाळवायचं, गठ्ठे बांधायचे. चिलोए आणि पुएर्तो मोंतच्या आसपासच्या गरीब कुटुंबांना हा रोखीचा आधार आहे. ज्या जमिनीनं दीडशे वर्षं काही दिलं नाही तिनं हे दिलं, म्हणून या धंद्याला नाक मुरडणं मला जमत नाही.

पण उपसा नुसता शेवाळाचा होत नाही. चिलोएवर बर्फाचे डोंगर नाहीत की हिमनद्या नाहीत. उन्हाळ्यात ओढ्यांना जे पाणी येतं ते याच ओल्या माळांतून झिरपून. पोम्पोनाल माणसाच्या चुकीतून जन्मला असला तरी आता तो बेटाचा स्पंज झाला आहे. तो ओरबाडला की उन्हाळ्यातलं पाणी कमी होतं. आणि खरंच, भरपूर पावसाच्या या बेटावर उन्हाळ्यात खेड्यांना टँकरनं पाणी पुरवावं लागतं. कोकणातल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि मे महिन्यात टँकर, हे त्याच्या पाचवीला पुजलेलं.

२०१८ साली शेवाळ काढण्यावर नियम आले : कसं काढायचं, किती ठेवायचं. एप्रिल २०२४ मध्ये पीट जमिनींच्या संरक्षणाचा २१,६६० क्रमांकाचा कायदा आला. त्यानं पीट उपसायला बंदी घातली आणि शेवाळासाठी व्यवस्थापन आराखडा सक्तीचा केला. कागदावर चांगलं आहे. प्रत्यक्षात छोट्या शेतकऱ्याला आराखडा करून देणारं कुणी हवं, नाहीतर नियम पाळणारा मागे पडतो आणि चोरून उपसणारा पुढे जातो.

वीस हेक्टरांवर मी काय करीन

मी वाटा मिसळीन. आधी फेब्रुवारीत, जमीन सर्वांत कोरडी असताना, दर पन्नास मीटरवर पहार मारून फिएर्रियो किती खोल आहे ते नोंदवीन. हा नकाशा कुठल्याही उपग्रहापेक्षा उपयोगी. जिथे राख दोन फुटांपेक्षा खोल तिथे कुरण, उथळ चरांसह. जिथे शेवाळाची गादी जाड तिथे हात लावणार नाही, फार तर आराखड्यानुसार पट्ट्यापट्ट्यानं, आधीचा पट्टा भरून आल्याशिवाय दुसऱ्याला न शिवता काढीन. पडलेलं एकही खोड उचलू देणार नाही. आणि जिथे फिएर्रियो फूटभरावर, तिथे रान.

रान लावायचं ते खड्ड्यात नाही. खड्डा म्हणजे इथे हौद. जुन्या बुंध्यांच्या माथ्यावर, आडव्या खोडांच्या पाठीवर, आणि ती नसतील तिथे फावड्यानं रचलेल्या ढिगाऱ्यांवर, पाण्याच्या हिवाळी पातळीच्या वर. आलेर्सेपासून सुरुवात करण्याचा मोह मी टाळीन. लोकांना तेच झाड हवं असतं, फलकावर तेच शोभतं. पण ते वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर जाड होतं, त्याच्या भरवशावर पाणी खाली जायची वाट पाहिली तर नातवंडांचे पायही चिखलातच राहतील. आधी कानेलो लावीन. मापुचे लोकांना पूज्य असलेलं ते झाड ओलीत तगतं आणि मानानं भराभर वाढतं. त्याच्याबरोबर कोइग्वे. आठ-दहा वर्षांनी त्यांचा माथा जुळला आणि हिवाळ्यात त्या ढिगाऱ्यांभोवतीचं पाणी बोटभर जरी उतरलेलं दिसलं, की मग त्यांच्या आडोशाला आलेर्सेची पहिली रोपं.